बदलापूरला गेलेल्या लेकास

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

सामान लागलं का? आई विचारतेय, तिकडच्या पाण्यात डाळ शिजते का आणि गॅसवाला आला का. मी मात्र सोमवारपासून एकच गोष्ट मनात धरून बसलोय. ती लिहायची नाही, असं ठरवूनच कागद घेतला होता.

वास्तुशांतीनंतर तुझ्याकडे राहिलो आणि सकाळी तुझ्याबरोबरच निघालो. गाडी कर्जतहूनच भरून आली होती. मला तू ढकलून आत घातलंस. डोंबिवली गेल्यावर माणसांच्या खांद्यांमधून तू दिसलास. बॅग छातीवर, एक हात वर दांडीला, उजव्या पायाची टाच बाहेर अधांतरी. वर शेजारच्याशी हसून बोलत होतास! दादर येईपर्यंत मी त्या टाचेकडेच बघत होतो.

बाळ्या, दारात उभा राहू नकोस.

असो. घराबद्दल लिहायचं होतं. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावणारा आपल्या घरातला तू पहिला. तुझ्या आजोबांचा आणि माझा जन्म दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत गेला. आलेल्या प्रत्येकाला मी बाल्कनी दाखवली. तुझ्या मामाला तर मुद्दाम दोनदा.

पण वीस वर्षांचं कर्ज म्हणजे वीस वर्षं रोज साठेक किलोमीटर यायचं आणि तेवढंच परत जायचं. तुझं ऑफिस लोअर परळला, गिरणीच्या जुन्या आवारात. आपल्या खोलीपासून चालत पंधरा मिनिटं. सातच्या पाळीला पहिला भोंगा झाला की आजोबा मला उठवायचे, आणि चहा पिऊनसुद्धा मी वेळेत साच्यावर उभा असायचो. गिरण्यांभोवती चाळी उगाच नव्हत्या बांधल्या. तीन पाळ्या चालवायच्या तर कामगार हाकेच्या अंतरावर लागायचा. आज काम तिथंच आहे, काम करणारा तेवढा लांब गेलाय.

18 जानेवारी 1982 ला आम्ही अडीच लाख माणसं संपावर गेलो. पगाराचं आणि बोनसचं बोलत होतो, पायाखालच्या जमिनीचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि 1991 च्या नियमात त्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरले. एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची राहिली आणि लोकांच्या वाट्याला चतकोर आला. किती मोर्चे काढले त्यासाठी! शेवटी आम्हाला घरं दाखवली ती शेलू-वांगणीला, तुझ्याही पुढच्या स्टेशनांवर. 2025 च्या जुलैत आझाद मैदानावर आम्ही म्हातारे पावसापाण्याचे बसलो ते, घर द्या तर मुंबईतच द्या, एवढंच सांगायला. तू म्हणालास, "अण्णा, मिळतंय ते घ्या." त्यानंतर आपण बरेच दिवस धड बोललो नव्हतो.

शहर गरीब नाही रे. पालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर होतं. समुद्रात भराव घालून कोस्टल रोड केला, त्यावरून गाड्या सुसाट जातात. लोकलच्या माणसाला मात्र धड उभं राहायला जागा नाही. 2001 ते 2011 या दहा वर्षांत आपल्या शहर जिल्ह्याची वस्ती 33 लाखांवरून 31 लाखांच्या आत आली आणि ठाणे जिल्हा 81 लाखांवरून एक कोटी दहा लाखांवर गेला. तिकडे गेलेली निम्मी माणसं सकाळी इथंच कामाला येत असतील, आणि येताना दारात लटकतात. या लोकलच्या रुळांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. 2025 च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर पडली, तीही कामावर निघालेलीच होती. मुंब्रा तुझ्या रोजच्या वाटेवर आहे.

बघ, परत तिथंच आलो. शिकवायला लागलो, माफ कर. परळची भाडी मला माहीत आहेत. चाळ पाडून नवी बांधणार, थांब जरा, असं सांगायचं तर माझ्या हातात तसा कागदही नाही. तू बायको-मुलीला मोकळी हवा दिलीस, त्याला मी नावं ठेवणार नाही.

पण 2017 चा दसऱ्याचा आदला दिवस मला विसरता येत नाही. एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली. तुझा फोन लागेना. मी पायात चप्पल न घालता केईएमपर्यंत गेलो. नावांच्या यादीवर बोट ठेवून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. संध्याकाळी तू झेंडूची फुलं घेऊन आलास आणि विचारलंस, "एवढं काय झालं?" आई तुझ्यावर ओरडली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

एसी लोकलची दारं बंद होतात. बदलापूरहून ती कधी सुटते ते बघ आणि साहेबांशी बोलून ऑफिसची वेळ तिच्याशी जुळवून घे. साध्या पासाच्या वर जे पैसे लागतील ते मी देईन, वॉचमनकीच्या नोकरीचे थोडे बँकेत आहेत. नाही म्हणू नकोस. आईला यातलं काही सांगू नकोस, तिला वाटतं तू बसून जातोस.

पास काढलास की फोन कर.

तुझे,
अण्णा