लॅबमधल्या भाईंना, डिचोलीच्या पितळवाल्यांकडून

भाई, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही, पण वेर्ण्याच्या बाजूच्या धातू तपासायच्या त्या लॅबमध्ये सगळेच तुम्हाला भाई म्हणतात, तर मी पण तेच म्हणतो. फोनवर थँक्यू म्हणायला गेलो तर "बरें बरें, दवर फोन" म्हणून कट केलात, त्यामुळे आता चारचौघांसमोर लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या, आमच्या घरात थोडक्यात बोलणं कोणालाच जमत नाही.

इतरांसाठी आधी थोडं सांगतो. आमचं डिचोलीत पितळेच्या भांड्यांचं छोटं वर्कशॉप आहे, आजोबांपासूनचं. पूर्वी सगळं हाताने ठोकून, आता बरंचसं प्रेसवर. पेले, पंचपात्रं, गडू असा पूजेचा माल उन्हाळ्यात करून ठेवायचा आणि चवथीच्या आधी दुकानांना द्यायचा. आणि प्रेस घेतल्यापासून पावसात हा माल ठेवल्या जागी फुटायला लागला. पडला नाही, आपटला नाही, कोणी हात लावला नाही, मेमध्ये चकचकीत पॉलिश करून कागदात गुंडाळलेला पेला ऑगस्टमध्ये उघडला की काठापासून खाली सरळ उभी चीर. दुकानदार परत पाठवायचे ते वेगळंच, पण देवाच्या भांड्याला चीर म्हणजे लोक काय काय बोलतात ते तुम्हाला सांगायला नको.

आता जे आधी भेटले त्यांचा हिशेब, नावं न घेता. शीट देणारा डीलर म्हणाला शीट एकदम बरोबर, तुमची डायच खराब. एका ठिकाणी टेस्टला दिलं, त्यांनी तांबं 70 टक्के जस्त 30 टक्के असा कागद दिला, खाली "समाधानकारक", झालं. मी म्हटलं अहो पण फुटतंय ना, तर म्हणे रिपोर्टमध्ये तो कॉलम नाही. मग एक सल्लागार आणले, फी आधी, चहा मध्ये, सल्ला शेवटी. त्यांनी सांगितलं प्रेसच्या दोन टप्प्यांच्या मधे माल चांगला लालभडक करा, जास्त वेळ ठेवा. केलं. त्याने काय झालं तर पितळेच्या आतले बारीक कण वाढून जाडे झाले आणि पुढच्या ओढीत, म्हणजे प्रेस पत्रा ओढून पेला करते त्या टप्प्यात, पेल्याची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत आली, पॉलिशवाला पोरगा काम सोडून जातो म्हणायला लागला, आणि एवढं करून पावसात माल फुटायचा तो फुटलाच, कारण शेवटची ओढ तर त्या तापवण्याच्या नंतरच बसत होती. पण माझा खरा राग यावर नाहीच. या गृहस्थांनी बाबांच्या समोर, बाबांना कळणार नाही असं धरून, मला इंग्रजीत सांगितलं की जुनी माणसं धंद्यात असली की असंच होतं. बाबांना इंग्रजी कळतं. ते काही बोलले नाहीत, उठून पाणी आणायला गेले, आणि त्यानंतर कोणीही माल बघायला आलं की ते मागच्या खोलीतच बसायचे.

तुमच्याकडे पण ते यायला तयार नव्हते. आईने ढकलून पाठवलं.

आम्ही आलो तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी बिल्डिंगच्या सळया ओढून तोडत होता. आम्हाला वाटलं आता दोन तास बाकावर. तुम्ही बाबांना खुर्ची मशीनच्या जवळ ओढून दिलीत, "काका, आवाज मोठा येतलो हां" म्हणालात, सळी मधोमध बारीक होत गेली आणि धाडकन तुटली. मग तुम्ही जे केलंत त्याच्यासाठी हे पत्र आहे. तुटलेला तुकडा काढलात, आधी स्वतःच्या हातात धरून बघितलात, आणि मग माझ्या नाही, बाबांच्या तळहातावर ठेवलात. "काका, बघा, गरम लागतो?"

लागला. कोणी आग लावली नाही, भट्टी नाही, नुसतं ओढून लोखंड तापलेलं. बाबा म्हणाले, "हातोडीखाली पण असंच तापतं, आम्हाला माहीत आहे." किती महिन्यांनी त्यांनी कामाबद्दल आपणहून तोंड उघडलं हो. तुम्ही तिथेच स्टुलावर बसलात आणि त्यांना सांगितलंत की केंब्रिजच्या टेलर आणि क्विनी यांनी 1934 मध्ये हेच मोजलं होतं, धातू वाकवायला ओढायला जी ताकद घालतो तिच्यातली साधारण 90 टक्के उष्णता होऊन निघून जाते आणि उरलेली आतच अडकून राहते. बाबांनी लगेच विचारलं, मग आत राहिलेली जाते कधी? तुम्ही म्हणालात, ताव दिल्यावर, म्हणजे तापवल्यावर. म्हणजे बघा, सल्लागाराला तासभर जे समजावता आलं नाही ते एका गरम तुकड्यावर दोन मिनिटांत झालं.

आणि मग तुमचा तो प्रश्न. आजवर सगळ्यांनी विचारलं काय काय फुटतं. तुम्ही विचारलंत, "काका, तुमचा कुठला माल फुटत नाही?"

बाबा म्हणाले, कल्हई केलेला.

हे त्यांनी मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, डीलरला सांगितलं होतं, सगळे हसले होते. तुम्ही टेबलावर हात मारलात, "हेंच!" म्हणून. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथील 232 डिग्रीला वितळतं, म्हणजे कल्हई करताना भांडं त्याच्याही वर तापतं, आणि तेवढ्या तापण्यानेच पितळेच्या आतली ओढाताण सैल पडते. आजोबांच्या वेळी ठोकताना मधे मधे ताव आणि शेवटी कल्हई, त्यामुळे कधी त्रासच नव्हता. प्रेसवर शेवटची ओढ थंड, गिऱ्हाइकाला कल्हई नको चकाकी हवी, म्हणून तो ताण तसाच आत घेऊन पेला कपाटात जायचा. तुम्ही आमचाच एक धडधाकट पेला घेतलात, काठ गोल कापून कडं काढलंत आणि त्याला करवतीने एक काप दिलात तर आतल्या ताणाने ते आपोआप फाकलं. बाबांनी ते कडं मागून घेतलंय, देवघराशेजारच्या खुंटीला लटकवलंय, आई विचारते हे काय.

मग विचारलंत माल ठेवता कुठे. पावसात वर्कशॉपमध्ये ओल येते म्हणून आम्ही पहिल्यापासून गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवतो. तुम्ही एवढे हसलात, आणि मग ती ब्रिटिश फौजेची गोष्ट सांगितलीत, तेव्हा आम्ही पण हसलो. हिंदुस्थानातल्या त्यांच्या बंदुकीच्या पितळी काडतुसांची टरफलं पावसाळ्यात अशीच बसल्या जागी चिरायची, आणि ठेवलेली असायची घोड्यांच्या तबेल्यात. जनावरांच्या मुतातून येणारा अमोनिया, हवेतली ओल आणि पितळेच्या आत दाबून बसलेला ताण, तिन्ही एकत्र आले की चीर. हे 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी नीट मांडलं म्हणालात, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली आणि आमच्याकडून फी घेणाऱ्या एकालाही याचा पत्ता नाही. तांब्याला हा रोग फारसा नाही, जस्त 15 टक्क्यांच्या वर गेलं की जपायचं. आमच्या पणजीची तांब्याची घागर त्याच गोठ्यात आयुष्यभर पाणी भरून उभी आहे, आता कळलं का ते.

उपाय ऐकून तर बाबांना पटेचना, एवढाच? शेवटच्या ओढीनंतर 250 ते 300 डिग्रीवर तासभर, बस. लाल नाही, भांडं मऊ पडायचं नाही, कडकपणा जवळपास तसाच राहतो, फक्त आतला ताण उतरतो. नवे कण तयार होऊन पितळ मऊ व्हायला याच्या खूप वर जावं लागतं, आणि त्याच्याही वर गेलो की मग ते खरबरीत प्रकरण. बाबांनी विचारलं, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, भट्टी चालेल? तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात की तापमान पोचेल काका, पण सगळीकडे सारखं लागायचं नाही, आणि नंतर ते पाव कोण खाणार. बाबा परतीच्या वाटेवर पर्वरीपर्यंत हसत होते.

आम्ही आता पंखा असलेला सेकंडहँड ओव्हन घेतलाय. तुम्ही शिकवल्याप्रमाणे प्रत्येक लॉटमधला एक पेला अमोनियाच्या बरणीत झाकून ठेवतो, न तापवलेला एक शेजारी. न तापवलेला सकाळपर्यंत चिरतो, तापवलेल्याला काही होत नाही. बरणीचं झाकण मात्र बाबाच उघडतात, मला हात लावू देत नाहीत. माल पण गोठ्यापासून लांब हलवलाय, गाईंना काही फरक पडलेला नाही. हा पावसाळा जवळजवळ संपला आणि एक पेला फुटून परत आला नाही.

भाई, ज्ञान असलेली माणसं मला पुष्कळ भेटली, सगळ्यांच्या भिंतीवर सर्टिफिकेटं. पण ज्याने आयुष्यभर धातू हातात धरलाय त्याला विचारावं, आणि विचारून उत्तर संपेपर्यंत थांबावं, हे करणारं माणूस विरळ. ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात, कुठेही बघा, म्हातारा माणूस सोबत असला की बोलणं त्याच्या डोक्यावरून पोराशी चालतं. तुम्ही सगळा वेळ बाबांशी बोललात, माझ्याकडे बघितलंत ते फक्त बिलावर सही घ्यायला. आणि बिल पण एका टेस्टचं लावलंत, बाकीचं "शिकवण्याचे पैसे घेत नाही" म्हणून सोडून दिलंत. देव बरें करूं तुमचं.

आता बाबा परत पुढच्या खोलीत बसतात. गेल्या आठवड्यात तोच डीलर आला होता तर त्याला खुर्ची दिली, ते फाकलेलं कडं हातात दिलं आणि पाऊण तास सोडला नाही. मी मध्ये पडलो नाही.

शेवटचं एक काम. बाबांनी तुमच्यासाठी पंचपात्र आणि ताम्हण वेगळं काढून ठेवलंय, ताम्हण हाताने ठोकलेलं, प्रेसचं नाही, वर कल्हई पण केली आहे. चवथीच्या आधी मी स्वतः लॅबवर आणून देतो. पैशाचं नाव काढलंत तर ते फोन करून तुम्हाला ओरडतील, आणि कट करायची सोय त्यांच्यापुढे चालत नाही.

तुमचा,
पितळवाल्यांचा पोरगा, डिचोली