हर्णैच्या मावशी आणि खलाशीदादा, थँक्यू!

जानेवारीत हर्णै बंदरावर कुरवांचे (सीगल पक्ष्यांचे) उडतानाचे फोटो घेत होतो, शटर स्पीड १/२००० सेकंद, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि पाय आपले मागे मागे, समोर सुवर्णदुर्ग, होडीवर झेपावणारा थवा, मग काय, दोरखंडात पाय अडकला आणि कॅमेऱ्यासकट पाण्यात! (चूक माझीच.) घाईघाईत ऑन करून बघणार तेवढ्यात एक खलाशीदादा ओरडला, "चालू नको करू, बॅटरी काढ आधी!" शेजारच्या मासळीवाल्या मावशींनी प्यायच्या पाण्यात स्वतःचा रुमाल भिजवून लेन्सवरचं खारं पाणी टिपलं, पार रिंगच्या खाचेतसुद्धा. "माझ्या हाताला म्हावऱ्याचा वास, कॅमेरा तूच धर," म्हणाल्या. कॅमेरा वाचला. नावं विचारायची राहिलीच. मावशी, भर उन्हात तुमची बाटली रिकामी झाली, विसरलो नाहीये मी.