पियानोच्या सैल पिनांची दुरुस्ती: बिल एकाचे, काम दुसरेच

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बिलात लावलेल्या जाड पिना प्रत्यक्षात न बसवल्याबाबत.

महोदय,

आमच्या मंडळीचा जुना उभा पियानो आपल्या कारागिराने उन्हाळ्यात दुरुस्त केला. दुखणे एकच होते, वरच्या सप्तकांतल्या ट्यूनिंग पिना, म्हणजे तारा ज्यांना गुंडाळून ताणतात त्या लोखंडी खुंट्या, सैल. ट्यूनिंगच्या किल्लीने तार चढवून किल्ली सोडली की पिन आपोआप मागे फिरायची. बिलात ‘जुन्या पिना काढून एका नंबराने जाड पिना बसवल्या’ असे लिहिले आहे. पैसे जागेवरच चुकते केले.

पावसाळ्यात लाकूड फुगलेले, तोवर सूर टिकला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि पुन्हा तेच. वरच्या सप्तकांत एकेका स्वराला तीन तारा. त्यातली एक उतरली तरी उपासनेत गीत सुरू होताच पोरंसोरं मागे वळून बघतात.

झाकण काढून पाहिले. ‘नव्या’ पिनांवर जुना गंज जसाच्या तसा! गावातल्या लेथवाल्याला व्हर्नियर घेऊन बोलावले. हात न लावलेली खर्जाची पिन आणि आपली ‘जाड’ पिन, दोन्ही सारख्याच भरल्या. म्हणजे जुन्याच पिना ठोकून आत घातल्या, त्याही इतक्या की तारेचे खालचे वेटोळे लोखंडी प्लेटला घासते आहे. वरून पिनांच्या मुळाशी कसलेसे तेलकट औषध सोडले आहे. त्याचे चिकट ओघळ प्लेटवर दिसतात. त्यामुळे पातळ सुपर ग्लू सोडून पिना धरवायची स्वस्त वाटही बिकट झाली, कारण अशा लाकडात तो नीट धरत नाही.

फोनवर उत्तर मिळाले, ‘तुमच्याकडचे हवामानच तसे.’ अहो, मे महिन्यात 45 अंशांत पिनब्लॉकचे, म्हणजे पिना ज्यात ठोकलेल्या असतात त्या फळीचे, लाकूड आटते, पावसात फुगते, आणि हेच वर्षानुवर्षे चालून भोके सैल होतात. म्हणून तर आपल्याला बोलावले! पत्ता अमरावती जिल्ह्याचा आहे हे ऑर्डर घेताना दिसत नव्हते का? ज्या कारणासाठी पैसे घेतले, तेच पुढे करून आता हात वर करता?

बिलाप्रमाणे जाड पिना बसवून द्याव्यात, त्याही आमच्यासमोर मोजून. पिनब्लॉकला तडा असेल तर काम सुरू करण्याआधी लेखी कळवावे. हे जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. आम्ही राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी आपल्या शहरात येण्याची गरज नाही.

सोबत बिलाची प्रत आणि पिनांचे फोटो जोडले आहेत.

आपला,
चिटणीस, पंच कमिटी
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती