ऐंशीव्या वर्षी राजा झालेली बाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत राजकारणात गेलेल्या कलावंतांवर जे पान आलं, त्यात ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन यांची छोटी चौकट होती. दोन ऑस्कर, नंतर ब्रिटनच्या संसदेत खासदार, २०२३ मध्ये निधन, संपलं. यातलं काही खोटं नाही. पण २०१५ ते २०२३ ही आठ वर्षं त्यात सापडली नाहीत, आणि माझं म्हणणं असं की या बाईंचं सर्वांत मोठं काम त्याच आठ वर्षांत झालं. माझ्यासारख्या पासष्टी ओलांडलेल्या हौशी नटीला तर बाकीच्या चौकटीपेक्षा तेवढाच भाग कामाचा आहे. म्हणून हे पत्र. जागा असेल तर छापावं, नसेल तर काटछाट करावी, पण शेवटचा मुद्दा तेवढा ठेवावा.

ग्लेंडाबाई (मी त्यांना मनात असंच म्हणते) १९३६ साली लिव्हरपूलच्या समोरच्या काठावर बर्कनहेडला जन्मल्या. वडील गवंडीकाम करायचे. चार बहिणींतल्या ह्या थोरल्या. शाळा सुटल्यावर त्यांनी बूट्स नावाच्या औषध दुकानात दोन वर्षं काउंटर सांभाळलं आणि मग शिष्यवृत्तीवर लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत गेल्या. तिथल्या प्राचार्यांनी त्यांना सुनावलं होतं की तू मूळची चरित्र अभिनेत्री, चाळिशीच्या आत फारसं काम मिळेल अशी आशा धरू नकोस. चाळिशी गाठायच्या आत दोन ऑस्कर झाले. 'विमेन इन लव्ह'चं ऑस्कर चौतिसाव्या वर्षी आणि 'अ टच ऑफ क्लास'चं सदतिसाव्या वर्षी. दोन्ही वेळा बाई समारंभाला गेल्याच नाहीत. ऑस्करच्या बाहुल्या आईकडे ठेवल्या, आणि आईनं त्या इतक्या घासल्या की वरचा मुलामा उडून आतला धातू दिसू लागला, असं त्या नंतर हसत सांगायच्या.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते फिल्म सोसायटीच्या एका खेळात. चित्रपट पीटर ब्रुक यांच्या 'मारा/साद' नाटकावरचा. महाभारत करणारे तेच हे ब्रुक. त्यात ग्लेंडाबाई शार्लोत कोर्दे (फ्रेंच राज्यक्रांतीत मारा या पुढाऱ्याचा खून करणारी) झाल्या आहेत, म्हणजे वेड्यांच्या इस्पितळातली एक रुग्ण जी शार्लोतची भूमिका करते आहे, अशी दुहेरी गुंतवळ. एका प्रसंगी ती आपल्या लांब केसांनीच समोरच्या माणसाला फटके मारते. आवाज नाही, चाबूक नाही, नुसते केस. खेळ संपल्यावर आम्ही चौघीजणी नागपुरात धंतोलीच्या रस्त्यानं चालत निघालो तर कितीतरी वेळ कोणी बोललंच नाही, आणि आमच्या कंपूत ही गोष्ट सहसा होत नाही.

१९७१ मध्ये बीबीसीच्या 'एलिझाबेथ आर' मालिकेत त्या राणी झाल्या. सहा भागांत तरुण मुलीपासून थकलेल्या म्हातारीपर्यंत. राणीचं कपाळ उंच होतं म्हणून त्यांनी स्वतःचे पुढचे केस मुंडून टाकले. टोप वापरता आला असता. आपल्याकडे पांढऱ्या केसांसाठी टाल्कम पावडर थापून कसं भागवतात ते मी तीन-चार नाटकांत स्वतः केलं आहे, म्हणून हे विशेष वाटलं. अमेरिकेतले दोन एमी, म्हणजे टीव्हीचे पुरस्कार, त्यांना त्याच भूमिकेसाठी मिळाले.

खासदारकीबद्दल आपल्या चौकटीत बऱ्यापैकी आलं आहे, त्यामुळे मी थोडक्यात लिहिते. १९९२ मध्ये मजूर पक्षाकडून लंडनच्या हॅम्पस्टेड अँड हायगेटमधून त्या निवडून आल्या. १९९७ ते १९९९ वाहतूक खात्यात कनिष्ठ मंत्री होत्या. इराक युद्धावरून स्वतःच्या पंतप्रधानाच्या विरोधात उभ्या राहिल्या. २०१० मध्ये अवघ्या ४२ मतांनी वाचल्या. २०१३ मध्ये माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर वारल्यावर सभागृहात श्रद्धांजलीची भाषणं चालू असताना ह्या उठल्या आणि थॅचरबाईंच्या राजवटीनं गरिबांचं काय केलं ते समोरच्या बाकांवरचा गोंगाट चालू असतानाच सांगून टाकलं. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. तेवीस वर्षं त्यांनी अभिनय बंद ठेवला. खासदारकी आणि चित्रीकरण असं दोन्हीकडे पाय ठेवून नाही. आमच्या नागपुरात दर हिवाळी अधिवेशनाला जे चेहरे दिसतात, त्यांच्याविषयी मी इथे काही लिहिणार नाही. आपण छापणारही नाही.

आता ती राहून गेलेली आठ वर्षं.

२०१५ मध्ये संसद सोडली तेव्हा बाई एकोणऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्याच वर्षी त्यांनी बीबीसी रेडिओवर फ्रेंच लेखक झोलाच्या कादंबऱ्यांवरच्या मालिकेत शंभरी पार केलेल्या आजीचं काम केलं. आणि २०१६ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक रंगमंदिरात डेबोरा वॉर्नर यांच्या दिग्दर्शनात शेक्सपिअरचा लिअर. राजा लिअर, राणी नव्हे. भूमिका बाईसाठी बदलून घेतली नाही. मुली त्यांना बापच म्हणत होत्या. पाव शतक रंगमंचावर पाय न ठेवलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईनं परत यायचं ठरवलं, तेही या भूमिकेतून! मुलाखतीत त्या म्हणायच्या की माणूस म्हातारा होत जातो तसतशा बाई आणि पुरुष यांच्यामधल्या भिंती आपोआप विरायला लागतात. ज्यांनी घरी सासू-सासरे दोघांचंही म्हातारपण काढलं आहे त्यांना हे वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एडवर्ड ऑल्बी यांच्या 'थ्री टॉल विमेन'साठी टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. ऑस्कर, एमी आणि टोनी ही तिन्ही पदकं तेव्हा पुरी झाली. २०१९ मध्ये पुन्हा लिअर, या वेळी ब्रॉडवेवर, दिग्दर्शक सॅम गोल्ड. आठवड्याला आठ प्रयोग, प्रत्येक प्रयोग तीन तासांहून जास्त. प्रयोग चालू असतानाच त्यांनी त्र्याऐंशी पूर्ण केली. त्याच वर्षाअखेर बीबीसीवर 'एलिझाबेथ इज मिसिंग' आला. स्मरण जात चाललेली मॉड नावाची म्हातारी, जिच्या खिशात स्वतःसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. हा चित्रपट माझ्या सुनेनं मला लॅपटॉपवर लावून दिला. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. चिठ्ठी हातात असते आणि ती आपणच लिहिली यावर विश्वास बसत नाही, मग चेहऱ्यावर जो संताप येतो, तो मी घरात पाहिलेला आहे. पडद्यावर तो हुबेहूब उमटलेला मी दुसरा पाहिला नाही. बहुतेक नट अशा म्हातारीला गोड करून टाकतात. ग्लेंडाबाईंची मॉड चिडकी आहे, त्रासदायक आहे, कधीकधी नकोशी आहे. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. मायकेल केन यांच्याबरोबरचा 'द ग्रेट एस्केपर' प्रदर्शित झाला तेव्हा त्या हयात नव्हत्या. १५ जून २०२३ रोजी सत्त्याऐंशीव्या वर्षी गेल्या.

हे सगळं मी नागपूरच्या वर्तमानपत्राला का लिहिते आहे? कारण राज्य नाट्य स्पर्धेसाठी इथली मंडळं संहिता शोधू लागली की मला फोन येतात, आणि दर वेळी फोनवरची भूमिका एकच असते. सासू. दोन प्रवेश. पहिल्यात टोमणा मारायचा, दुसऱ्यात खोकायचं. धनवटे रंगमंदिराच्या काळात याच शहरात मी नायिका केल्या आहेत, खलनायिका केल्या आहेत. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून रात्री दहापर्यंत तालमी केल्या आहेत. आता पाठांतर पूर्वीपेक्षा सावकाश होतं हे खरं, पण झालेलं विसरत नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पण पन्नाशीनंतरच्या बाईला नाटकाच्या मध्यभागी उभी करायची कल्पनाच आपल्याकडे कोणाला सुचत नाही, आणि एलकुंचवारांच्या शहरात ती सुचू नये याचं मला जास्त वाईट वाटतं. 'वाडा चिरेबंदी'तल्या बायका आठवा.

तेव्हा माझी सूचना अशी. लिअरवरूनच ज्याची प्रेरणा आली त्या 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर एखाद्या मंडळानं बाईला करू द्यावा. कुसुमाग्रजांच्या संहितेला धक्का न लावता, रीतसर परवानगी काढून. नलूचे बाबा ते नलूचे बाबाच. विंदांचा 'राजा लिअर' मराठीत आहेच, तोही चालेल. हे मी फिरायला येणाऱ्या मैत्रिणींना सांगितलं तर एकजण म्हणाली, "काहून वं, आता तुले दाढी लावाची हौस आली काय?" दुसरीचा प्रश्न जास्त अवघड होता: मग कावेरी कोण करेल? मी म्हटलं, कावेरीही बाईच करेल, तिला काय झालं.

प्रेक्षक स्वीकारणार नाहीत, असं एका दिग्दर्शकानं मला ऐकवलं. याच प्रेक्षकांच्या आज्या-पणज्यांनी वय झालेल्या बालगंधर्वांना शालू नेसलेली 'मानापमान'मधली भामिनी म्हणून डोक्यावर घेतलं होतं. आमच्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दंडार या लोकनाट्यात पुरुष लुगडं नेसून नाचायचे आणि गाव पहाटेपर्यंत बसायचं. पुरुषाची बाई झालेली चालते, बाईचा पुरुष झालेला चालत नाही, याला नाटकाच्या शास्त्रात काही आधार असेल तर संबंधितांनी आपल्याच स्तंभात लिहून कळवावं, मी वाचीन. सायंटिफिक सभागृहात निदान एक प्रयोग लावून बघा. पडला तर पडला. स्पर्धेत दरवर्षी पुरुष बेलवलकरही पडतातच.

माझ्यापुरतं सांगते, दुसरी कोणी चांगली मिळाली तर मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसेन. आणि कोणीच मिळाली नाही तर मी तयार आहे. फक्त तालीम दुपारची ठेवावी. रात्री साडेनऊनंतर प्रतापनगरला यायला ऑटोवाले दुप्पट मागतात.

आपली,
एक जुनी हौशी रंगकर्मी
प्रतापनगर, नागपूर