रविवारी रिमोटवरची मॉडेल जेट उडवणाऱ्यांसाठी
मंडळी, रविवारी सकाळी ७ ला फिल्डवर भेटू. ईडीएफ (नळीतल्या इलेक्ट्रिक फॅनवर चालणारं) जेट आणणाऱ्यांनी सीजी, म्हणजे वजनाचा मध्य, घरीच बॅटरी बसवून बघून या, कारण शेपटीकडे जड झालेलं जेट हातात राहतच नाही, टेकऑफलाच जातं. ६ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुल म्हणजे २५.२ व्होल्ट, अर्धवट चार्जवर उडवू नका आणि फुगलेली तर प्लीज आणूच नका. अजून एक, प्रॉपच्या (पुढे पंखा असलेल्या) विमानासारखा वारा इथे पंखांवर येत नाही आणि फॅनला स्पीड पकडायला वेळ लागतो, म्हणून लँडिंगला थ्रॉटल पूर्ण बंद करायचा नाही, टायमर ३ मिनिटांचा ठेवा म्हणजे लँडिंग चुकलं तर दुसऱ्या फेरीपुरती बॅटरी उरते. फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबवणारी सोय) चेक करताना मॉडेल कोणीतरी घट्ट धरा, ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे. मुलांना पायलटच्या मागेच उभं करा.