तुझी गोष्ट तुझीच राहू दे

उद्यमनगर, कोल्हापूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेतली भाषा शुद्ध कर आणि शेवट गोड कर, असं स्पर्धेच्या परीक्षकांनी सांगितल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. पण तेव्हापासून तू वहीच उघडली नाहीस, हे मला जास्त लागलं.

तुझ्या कथेतली म्हातारी ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणते. आपल्याकडं बायका तसंच बोलतात. तुझी आजी जन्मभर तशीच बोलली. तिच्या तोंडी ‘आले, जेवले’ घातलंस तर ती आपल्या गल्लीतली राहील का? कागलच्या आनंद यादवांनी शेतातली बोली पुस्तकात आणली. ती वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, आपल्या घरातलं बोलणंही लिहिण्याजोगं आहे. तू ते बदलू नकोस. बक्षीस नाही मिळालं तर नाही मिळालं.

मी दिवसभर लेथवर उभा असतो. समोर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, त्यावरचं माप. एक सूत इकडं तिकडं झालं की जॉब भंगारात. तिथं ते बरोबरच आहे, तो भाग कुणाच्या तरी पंपात बसायचा असतो. रात्री जेवण झाल्यावर वही घेतो, तेव्हा मात्र समोर कुणाचंच ड्रॉइंग नसतं. परवा गंगावेस तालमीतल्या एका जुन्या पैलवानावर लिहायला बसलो आणि चार ओळींतच त्याच्या आईकडं वळलो. पहाटे उठून त्याच्यासाठी बदाम वाटणारी ती बाई मी कधी पाहिलीसुद्धा नव्हती, तरी लिहीत सुटलो. पुढचं वाक्य काय येणार हे आपल्यालाच ठाऊक नसतं, त्यात केवढा आनंद आहे पोरी! ती वही मला छापायची नाही. लिहितानाच माझं सगळं मिळून जातं.

वि. स. खांडेकर १९३८ साली आपल्या कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, तरी ते सांगत राहिले आणि दुसऱ्याकडून लिहवून घेत राहिले. नाव केव्हाच झालं होतं. मला वाटतं, लिहिल्याशिवाय त्यांना चैनच पडत नसणार.

कसंही लिही, असं मी म्हणत नाही. वाक्य खटकलं तर खोड, दहादा खोड. पण ते तुला खटकलं म्हणून. नोकरीतून रोज वेळ निघत नसेल तर रविवारी लिही, अर्धं पान लिही. कुणाला दाखवायचं, दाखवायचं की नाही, ते तुझं तू ठरव. आम्हीही मागणार नाही.

फक्त एक विचारतो. दिवाळीत वाचून दाखवलेल्या नव्या कथेत रिक्षावाला मिरजकर तिकटीला रिक्षा थांबवतो आणि मागं राहिलेलं पाकीट उघडतो. तिथंच तू थांबलीस. त्यात काय होतं? तुझी आई रोज विचारते.

तुझे,
बाबा