काठचा प्रकाश किती नांगे सोसतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत काचेतल्या प्रकाशजाळीवरचा, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या जाळीवरचा मजकूर वाचला. मराठी दैनिकात हा विषय आला, फार आनंद झाला. मात्र ‘काठाने जाणाऱ्या प्रकाशाला कोणताही दोष अडवू शकत नाही’ हे वाक्य चुकीचे आहे. ३१ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. मुले नेमके असेच वाक्य पाठ करतात, म्हणून लिहितो आहे.

२०१३ साली रेक्ट्समन हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेत लेसरने मळसूत्री प्रकाशवाहिन्या कोरल्या, मधाच्या पोळ्यासारख्या मांडणीत. काठावरची एक वाहिनी मुद्दाम गाळली, तरी प्रकाश तिला वळसा घालून पुढे गेला. मागे फिरायला त्याला वाटच नव्हती. त्या काठाने तो एकाच दिशेने जातो.

माझी केळीची बाग आहे. दोन-चार नांगे पडले, म्हणजे रोपे मरून जागा रिकाम्या राहिल्या, तरी बांधाने जाणारा वळसा घेऊन जातो. पण जूनच्या वादळात अर्धी बाग आडवी झाली, तेव्हा बांध कुठे संपतो आणि बाग कुठे सुरू होते, तेच कळेना. जाळीचेही तसेच. आतल्या भागात ज्या ऊर्जांना जागा नसते, त्या पट्ट्याला ‘गॅप’ म्हणतात. अव्यवस्था, म्हणजे जाळीभर विखुरलेले दोष, गॅपच्या मानाने लहान, तोवर काठ शाबूत. ती गॅपच्या बरोबरीला आली की गॅप बुजते, प्रकाश आत झिरपतो आणि तिथेच अडकून पडू शकतो. हे अडकणे अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९५८ मध्येच मांडले होते, इलेक्ट्रॉनांसाठी.

दोष कोणता, यालाही महत्त्व आहे. आळीपाळीने जवळ-दूर वाहिन्या असलेल्या साध्या साखळीत अंतरे थोडी कमीजास्त झाली, तरी साखळीच्या टोकाशी राहणाऱ्या प्रकाशाच्या अवस्थेची ऊर्जा जागची हलत नाही. पण वाहिन्यांचा स्वतःचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते, त्याचे माप) बदलला की ती सरकते. श्रीमंती जातीच्या केळीच्या ओळीत रोपे मागेपुढे लागणे वेगळे आणि मध्येच दुसऱ्याच जातीचे रोप लागणे वेगळे.

आणि सर्वांत सुंदर भाग तर मजकुरात आलाच नाही. २०१८ साली असे दाखवले गेले, की मुळात काठचा प्रकाश नसलेल्या जाळीत ठरावीक प्रमाणात अव्यवस्था घातली, तर तो उगवतो! हे मी पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

कृपया तेवढी ओळ दुरुस्त करून छापावी. आपले कात्रण आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर लागले आहे; दुरुस्ती आली की त्याच्याखाली मी स्वतः डकवीन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
फैजपूर (ता. यावल, जि. जळगाव)